जंगलच्या राणीची निरवानिरव

मी, व्हर्नेल ऑगस्टा टिब्स, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वीचा धंदा कुस्ती, राहणार कोलंबस, ओहायो, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू पाहणाऱ्यांचं काय होतं, हे या गावाला ठाऊक आहे. यापूर्वीचे प्रत्येक मृत्युपत्र, विशेषतः माझ्या दुसऱ्या नवऱ्याने माझ्या नावाने केलेले, रद्द समजावे.

१. राहते घर भाची डार्लीन हिला द्यावे. तिचा नवरा "मावशी, बाईमाणसाला कुस्ती शोभते का?" असं विचारत माझ्याच सोफ्यावर तंगड्या पसरतो. सोफा त्याला मिळणार नाही. तो रस्त्यावर ठेवावा.

२. बिबट्याचे नकली कातडे जाळावे. ते मला कुस्त्यांचे ठेकेदार हॉबर्ट क्रिल यांनी आखाड्यात घालायला दिलं. म्हणाले, "तू जंगलची राणी. गुरगुरायचं, बोलायचं नाही. काळी बाई बोलली की तिकिटं खपत नाहीत." माझी आई शाळामास्तरीण. जंगल मी चित्रातच पाहिलेलं. तरी कित्येक वर्षं गुरगुरले. दिवसा गोऱ्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात गोड हसायचं, संध्याकाळी गुरगुरायचं, रविवारी चर्चमध्ये मान खाली. सोंगं तीन, थकायला अंग एकच.

मग एकदा डेटन शहरात कुस्तीआधी पडद्याआडून बघते, तर पुढच्याच रांगेत आमच्या चर्चमधली सिस्टर इमोजीन पर्किन्स! "त्या आखाडेवालीशी बोलू नका," असं चर्चमधल्या बायकांना बजावणारी हीच. तिच्यापुढे गुरगुरायला जीभ वळेना. कातडं भिरकावलं, रविवारचा झगा नि निळी टोपी चढवली, आखाड्यात माझ्याशी लढणाऱ्या बाईसमोर जाऊन उभी राहिले आणि निवेदकाचा माईक हिसकावला.

"मंडळी, मी मिस व्हर्नेल टिब्स. आता मी या बाईंना आदळणार आहे. तेवढी टोपी कोणी धरेल का?"

इमोजीन ताडकन उठली. "आण इकडे! आणि नीट आदळ गं, उगाच का एवढ्या लांब आलेय!"

त्या कुस्तीत मी हरायचं ठरलं होतं. मी जिंकले. हॉबर्टने तिथल्या तिथे काढून टाकलं.

३. निळी टोपी इमोजीनने आजतागायत परत केलेली नाही. ती तिलाच द्यावी. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी तिला विचारलं, "सही करतेस की टोपी घेतेस?"

"सही काय डोक्यावर घालू?" म्हणाली.

४. बँकेतील सर्व शिल्लक चर्चच्या तळघरातल्या मुलींच्या तालमीला द्यावी. नोकरी गेल्यावर ती मी आणि इमोजीनने काढली. तिथे आधी डाव शिकवत नाहीत. मधोमध उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला लावतात. भल्याभल्या धिप्पाड पोरी तिथेच रडतात. ही पद्धत कोणीही बदलू नये.

५. माझी शवपेटी तालमीतल्या बायकांनी उचलावी. पुरुषांनी दारे उघडावीत.

रेव्हरंड डॉब्स म्हणतात, "व्हर्नेलबाई, पेटीत सगळे उताणेच निजतात." निजू देत. पोटासाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मी पुष्कळदा पाठ टेकवली. मला कुशीवर ठेवावे, एक कोपर खाली रोवून, आता उठणारच अशी.

सही: व्हर्नेल ऑगस्टा टिब्स

साक्षीदार:
लूथर बीमन, शेजारी
रेव्हरंड विल्बर्ट डॉब्स (कलम पाचला हरकत नोंदवून)

कोलंबस, ओहायो
१४ मार्च १९९१