बुद्धिबळाच्या टेबलांवर मुख्याध्यापक

ती. मामांच्या पायांवर (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) डोकं ठेवून नमस्कार. मामीलाही तितकंच खाली वाकून. मी इथे मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, आणि नोकरी अजून आहे. हे शेवटचं मुद्दाम सुरुवातीलाच लिहिलं, कारण मागच्या आठवड्यात ती गेल्यात जमा होती आणि पुढचं वाचताना तुमचा रक्तदाब उगाच वर जायला नको. गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का? नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही, या पत्रातला सगळा घोळ तुमच्या गुडघ्यापासूनच सुरू होतो.

मी ज्या प्रशिक्षण केंद्रात टेबल-खुर्च्या लावतो तिथे दोन हॉल आहेत, एक खाली आणि एक वर. काम सोपं आहे असं तुम्ही मागे म्हणाला होतात (“खुर्च्या लावायला अक्कल लागत नाही, म्हणून तुला जमेल,” हे शब्द माझ्या लक्षात आहेत, राग नाही). आमचे सुपरवायझर तोंडाने कमी आणि शिट्टीने जास्त बोलतात, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेबच म्हणतात. मी एका जागी ठरत नाही, सांगितलेल्या कामात सुधारणा करत सुटतो, यावरून त्यांनी मला आधीच बजावलं होतं, “आता एकदा जरी स्वतःचं डोकं चालवलंस तर बॅग भर.”

त्या दिवशी खालच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा होती आणि वरच्या हॉलमध्ये मुख्याध्यापकांचं शिबिर. मुलं कशी शिकतात यावर जे संशोधन झालंय ते समजून घ्यायचं आणि आपल्या शाळेत काहीतरी नवं करायचं, असा विषय. (तुम्हाला नुसतं ऐकूनच जांभई आली असणार.) शिबिरासाठी गोल टेबलं, त्यांवर रंगीत कागद, स्केचपेन आणि गोंद. स्पर्धेसाठी छोटी टेबलं, समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये ते दोन तोंडांचं घड्याळ, ज्याचं आपलं बटण दाबलं की आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. पट खेळाडू स्वतःच आणणार होते. मी पहिलं गोल टेबल उचललं, जिन्याकडे पाहिलं आणि मला तुमचा गुडघा आठवला. म्हटलं, हे सगळे मुख्याध्यापक तुमच्याच वयाचे, कशाला बिचाऱ्यांना वर चढवायचं? बुद्धिबळवाले तरणेताठे आहेत, चढतील. (गोल टेबल भयंकर जड आहे ही गोष्ट वेगळी.) म्हणून मी दोन्ही हॉलांची अदलाबदल करून टाकली. शिट्टीसाहेबांना सांगायचं तेवढं राहिलं, आणि त्यांनी फाटकावर पाटी आधी ठरल्याप्रमाणेच लावली: बुद्धिबळ खाली, शिबिर वर.

मी माइकची वायर आणायला मागच्या खोलीत गेलो. (ती वायर गुंता होण्यासाठीच जन्माला आली आहे.) परत येऊन बघतो तर खाली खेळाडू गोल टेबलांभोवती बसून पट मांडायला गोंदाच्या बाटल्या सरकवतायत आणि त्यांचे आयोजक डोक्याला हात लावून उभे. तसाच वर धावलो. मामा, अख्खा हॉल मुख्याध्यापकांनी भरलेला, दोघंदोघं समोरासमोर, मध्ये घड्याळ! आणि शिकवणाऱ्या बाईंचा अजून पत्ताच नाही.

दुसरी कुठली माणसं असती तर ओरडली असती. पण शिबिरात जे समोर येईल ते शिबिराचाच भाग, असं मुख्याध्यापक धरूनच चालतात. एकदा चहा आला नाही, तर तोही त्यांनी संयमाचा पाठ समजून निमूट सोसला होता. पहिल्या टेबलावरच्या टक्कलवाल्या सरांनी अशी बरीच शिबिरं पचवलेली दिसत होती. घड्याळ उलटंपालटं करून ते म्हणाले, “सोपं आहे हो. शाळेची अडचण सांगायची, बटण दाबायचं. दाबलं की आपलं तोंड बंद, समोरच्याचं सुरू.” समोर एक मुख्याध्यापिका होत्या (आवाज अगदी तुमच्यासारखा, पटांगणापलीकडे पोचणारा). त्यांनी विचारलं, “आणि कुणी मध्येच बोललं तर?” सर म्हणाले, “तर बाईंना नाव सांगायचं!”

झालं, सगळे सुरू झाले. ज्यांना आयुष्यात कुणी मध्ये तोडलं नाही अशी माणसं ओठ दाबून दुसऱ्याचं ऐकत होती. एकजण तर बोलायच्या उबळीने लालबुंद झाले, पण नजर घड्याळावर आणि तोंड गप्प. तेवढ्यात टक्कलवाले सर म्हणाले, “आमच्या बैठकीत शिक्षक बोलतच नाहीत हो, मलाच बोलावं लागतं,” आणि त्यांनी बटण दाबलं. मुख्याध्यापिकांनी एवढंच विचारलं, “तुम्ही थांबता कधी?” आणि उलट बटण दाबलं. सरांची वेळ चालू झाली, आणि ते नुसते त्या घड्याळाकडे बघत बसले.

मी दाराशी उभा राहून मनातल्या मनात बॅग भरत होतो. शर्ट भरले, चादर भरली, दात घासायचा ब्रश तेवढा राहिला होता, तोच शिट्टीसाहेब आले आणि त्यांच्यामागून शिकवणाऱ्या बाई. साहेबांनी हॉल पाहिला, शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजेचना, नुसतीच हवा. बाई मात्र दारातच थबकल्या. समोरचा ऐकून घेतो तेव्हा माणूस जास्त शिकतो, हेच त्या म्हणे दुपारपर्यंत पडद्यावर चित्रं दाखवून समजावणार होत्या. त्यांनी पडदा गुंडाळायला लावला आणि विचारलं, “ही मांडणी कुणाची?” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, ते मला हाकलायला. बाई त्याच बोटाच्या दिशेने आल्या आणि म्हणाल्या, “फारच छान!”

तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. खालच्यांचंही निभावलं. एका गोल टेबलावर तीन पट बसतात असा शोध लागला. (घड्याळं नसल्यामुळे एक डाव अजून संपलेला नाही असं ऐकतो.) त्या दिवसापासून शिट्टीसाहेब मला बोलावताना शिट्टी जरा हळू वाजवतात. सध्या एवढंच सुख पुष्कळ आहे. मामीला सांगा, जावयासारखा मान मिळतोय.

तुमच्याच शाळेत सातवीपर्यंत टिकलेला,
तुमचा भाचा

ता. क. – एक सांगायचं राहिलं. बाईंनी विचारलं, “हे शिकलास कुठे?” घाबरलो की माझ्या तोंडात तुमचंच नाव येतं, लहानपणापासूनची सवय. म्हटलं, आमचे मामा मुख्याध्यापक आहेत, त्यांच्याकडून. (तुम्ही बाकं सुतळी लावून सरळ रेषेत बसवता ते बोललो नाही. पण भांडणाऱ्या दोघांना तुम्ही ऑफिसात समोरासमोर बसवून “आता बोला” म्हणायचात आणि त्यातला एक बहुतेक वेळा मीच असायचो, त्यामुळे हे अगदीच खोटं नाही.) बाईंना फार आवडलं. पुढच्या शिबिरात तुमचं भाषण ठेवलंय, विषय ‘ऐकून घेणारा मुख्याध्यापक’. शिट्टीसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, मामा आले तर तू कायम, नाही आले तर बॅग. तेव्हा एवढी कृपा कराच. सराव म्हणून हे पत्र मामीला वाचायला द्या आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.

आणखी ता. क. – गुडघ्याची काळजी करू नका, तुमचं भाषण खालच्याच हॉलमध्ये आहे. पण फाटकावरची पाटी शिट्टीसाहेबच लावणार. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, जिना चढू नका. फाटकातूनच मला हाक मारा. तुमची हाक मला कुठेही ऐकू येते.