गरम टायरची हवा

नाशिक, २० एप्रिल २०२५

आद. बाबांस राजदीपचा सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणता, म्हणून लिहितो. पार्सलमध्ये चार सेन्सर आहेत. ट्रॉलीच्या चाकांच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसवा आणि सोबतची डबी ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगजवळ चिकटवा. टायरमध्ये हवा किती, टायर तापला किती, दोन्ही आकडे दिसतील. हवा साठ पौंड ठेवा. अडुसष्टच्या वर गेली किंवा टायर फार तापला की लाल दिवा लागेल, तेव्हा थांबा. आमच्या कंपनीचा ट्रेलर याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. टायरला लाथ मारून हवा ओळखायची तुमची विद्या आता पुरे. मागे मजूर बाया बसतात, काळजी वाटते.

आईला जयभीम. माया आहे तशीच असू द्या.

तुमचा राजदीप

दवनीवाडा, ५ मे

चि. राजदीपास अनेक आशीर्वाद.

मशीन बसवली. शेजारचा बकाराम पुसत होता, बिरसी विमानतळावरच्या विमानाचं मीटर चोरून आणलं काय म्हणून. उन्हाळी धानाची कापणी सुरू आहे, रोज बारा बाया घेऊन कामठ्याच्या शेतांवर जातो. दुपारी परतताना दिवा लागतोच. मी लगेच थांबतो आणि आकडा साठवर येईपर्यंत हवा सोडतो. सकाळी भरायला वेळ मिळत नाही, पण दिवा विझतो म्हणजे ठीकच आहे. बायांमधली देवकाबाई म्हणते, पोरानं लय कामाची चीज धाडली. तुझा अभिमान वाटतो.

जेवणाची आबाळ करू नको. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझा बाबा, केवळराम

नाशिक, १४ मे

आद. बाबांस सविनय जयभीम.

तुम्ही हवा सोडता हे पत्रात वाचलं आणि लगेच आईला फोन लावला. ती गोंदियाच्या दवाखान्यात देवकाबाईजवळ होती. टायर फुटला, ट्रॉली कलंडली, देवकाबाईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, एवढंच रडत रडत बोलली.

बाबा, साठ पौंड म्हणजे सकाळच्या थंड टायरची हवा. चालताना ती तापून आपोआप वाढते. तेव्हा सोडायची नसते, सावलीत थांबून टायर निवू द्यायचा असतो. रोज सोडल्यानं टायर दबला, दबल्यानं आणखी तापला. आम्हाला कंपनीत हे पहिल्याच दिवशी सांगतात, म्हणून सगळ्यांना माहीत असेल असं धरून चाललो. थांबा लिहिलं, हवा सोडू नका हे लिहिलं नाही. चूक माझी आहे. देवकाबाईला तसं सांगा.

कोणत्या तोंडानं माया मागू?

राजदीप

दवनीवाडा, ८ जुलै

चि. राजदीपास आशीर्वाद.

तुझं पत्र देवकाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरानं लिवलं नाही, तुमी पुसलं नाही, अन् पाय माहा गेला.

ट्रॉली विकायला काढली होती. बाया म्हणाल्या, मग धानाच्या रोवणीले कशानं जावाचं? म्हणून नवे टायर टाकले.

काल रोवणीचा पहिला दिवस. सकाळी थंड टायरची हवा मोजली, साठ भरली. तेवढ्यात देवकाबाईची पोरगी दामिनी डबा घेऊन आली. यंदा बारावी झाली, कॉलेजात जाणार होती, आता आईच्या बदली मजुरीला येते. फुटलेल्या चाकावरची जागा सगळ्यांनी सोडली होती. ती तिथेच जाऊन बसली.

कामठ्यापर्यंत मी चारदा उतरलो. टायर बघतो म्हणून बायांना सांगितलं. खरं तर दामिनीचे पाय बघत होतो.

स्वतःला जप. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही.

तुझा बाबा, केवळराम