टेपमधली सासू

कोल्हापूर,
३ नोव्हेंबर १९८७

प्रिय त्रिशला,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तू समोरच असायचीस आणि मला जे सांगायचं ते मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची. आता तीन महिने तू माहेरी आहेस आणि घरात ओरडायला फक्त शांतिनाथ उरलाय. नवरा म्हणून तो कसा आहे ते तू जाण, पण मुलगा म्हणून माझं काही ऐकत नाही. दर रविवारी तुला भेटून शिरोळहून आला की तुझी खबर सांगतो. परवा म्हणाला, आता ती मळ्याच्या बांधापर्यंत एकटी चालते. मला इतकं बरं वाटलं की त्याला न विचारताच दोन भाकरी जास्त वाढल्या. तू परत कधी येणार, येणार की नाही, हे मात्र तो बोलत नाही आणि विचारायला मला तोंड नाही.

दवाखान्यात तुझा व्यायाम घेणाऱ्या मेहरुन्निसाबाई आठवतात ना? तुझ्या पायात पुन्हा कळा सुरू होऊन तुला दुसऱ्यांदा दाखल केलं, त्या आठवड्यात त्या आपल्या घरी आल्या होत्या. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी चहा टाकायला उठले तर म्हणाल्या, चहा राहू दे, सून दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी तिनं काय काय केलं ते सांगा. मी ताठ्यात म्हणाले, काडी उचलू दिली नाही तिला. खाली पाटावर बसू दिलं नाही, पाण्याची कळशी नाही, केर नाही. खरंच होतं ते. मग त्यांनी विचारलं, भेटायला कोण कोण आलं होतं? मी नावं घ्यायला लागले. अण्णाप्पा काका, काकू, गल्लीतल्या सीताबाई, सांगलीचे पाहुणे. घेता घेता माझीच जीभ अडखळली. मणक्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेली माझी सून त्या प्रत्येकाच्या पाया पडली होती, कमरेत वाकून. शेवटी माझ्याही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि गेल्या.

ऑपरेशननंतर कसं उठायचं-बसायचं याची दवाखान्यात दाखवतात ती परदेशी टेप तू पाहिली होतीस. उंच पलंगावरून एक गोरी बाई उतरते आणि मोटारीत बसते. तिला भेटायला सासरची माणसं येत नाहीत, त्यामुळे पाया पडण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मेहरुन्निसाबाईंनी ठरवलं की आपल्या माणसांसाठी आपली टेप काढायची. लग्नाचं शूटिंग करणारा चमन कॅमेरा घेऊन आला. गगनबावड्याच्या बायडाबाईंचं तुझ्यासारखंच ऑपरेशन झालंय, त्या पेशंट झाल्या. आणि सासू कोण, तर मी! दारातून आत यायचं, तोंड उघडायचं नाही, असं मला तीनदा बजावलं होतं.

शूटिंग म्हणजे नुसता गोंधळ. चमन सवयीनं म्हणत होता, "इकडं बघा, जरा हसा की!" बायडाबाई फणकारल्या, "हसू कशाला? हितं कंबर धरलीया माझी!" पण बाई हुशार. गुडघे दुमडले, खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर झाल्या, पाय खाली सोडले, हाताच्या रेट्यानं उठून बसल्या आणि मग सावकाश उभ्या राहिल्या. कुठे पीळ नाही की हिसका नाही. मी बघतच राहिले. तेवढ्यात मला खूण झाली आणि मी आत आले. मला बघून बायडाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खाली वाकायलाच लागल्या. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी धावले, त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडले, "अगं थांब, मरतीस काय! उभ्या उभ्याबी आशीर्वाद मिळतोय की!"

चमन कॅमेरा बंद करायचा विसरला. आणि माझं तोंड जे सुटलं ते थांबेना. मी सांगितलं की माझ्या सुनेला मी असं धरलं नाही. ती तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिनं ओठ चावलेला मी पाहिला होता. तरी गप्प बसले, कारण सांगलीचे पाहुणे म्हणत होते, सून बघा कशी वळणाची आहे. ते मला गोड लागत होतं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, सासवांनो, सून दवाखान्यातून आली की दारातच तिला सांगा, वाकायचं नाही. तुम्ही बोलला नाहीत तर ती बिचारी वाकणारच. एवढं बोलले आणि रडले. बायडाबाई म्हणाल्या, "ही टेप आधी माझ्या सासूला दावा."

टेप तयार आहे. चमननं शेवटी सनई घातली होती, ती मेहरुन्निसाबाईंनी काढायला लावली. पण वॉर्डात ती अजून लावलेली नाही. तुझं नाव त्यात नाही, तरी गोष्ट तुझी आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय दाखवायची नाही असं बाईंचं म्हणणं. रविवारी शांतिनाथ टेप आणि भाड्याचा व्हिडिओ घेऊन येईल. बघ. नको म्हणालीस तर माझं बोलणं पुसून टाकतील, मी रुसणार नाही. घरी यायचं की नाही तेही तूच ठरव, त्याची सांगड मी टेपशी घालत नाही. पण टेप बघायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आज घाईनं लिहिलं. मी चुकले, त्रिशला. कॅमेऱ्यासमोर ते बोलून मोकळी झाले, पण आधी तुला सांगायला हवं होतं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, तुझीच,
आत्ती