न लागणारा चटका

नागभीड, मार्च १९८६. बुधवार, संध्याकाळ.

आजही यांनी चुलीवरचा भाताचा गंज उघड्या हातांनी उतरवला. लग्नातल्या पंगतीलाही लोक मोठाले गंज उतरवायला यांनाच बोलावतात. "मले चटका लागतच नाई," हे ऐटीत सांगतात. मीही मिरवायचे.

पण काल आमच्या शाळेत आलेले डॉक्टर म्हणाले, बधिर कातडी ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. गोळ्या लवकर सुरू केल्या तर माणूस पूर्ण बरा होतो. तेव्हापासून तो गंजच डोळ्यांसमोर. यांना सांगू कसं?

शेवटी डोळे मिटायला लावले आणि डॉक्टरांनी दाखवलं तसा कापूस बोटांवरून फिरवला. फिरवतच राहिले.

"लाव ना वो, काऊन थांबली?" हे हसून म्हणाले.