मंत्र ज्याचा त्यानेच म्हणायचा

रविवार, ४

भाचीने जेवणाच्या टेबलावर खेळातले राक्षस मांडले. फासे टाकायचे, बाकी लढाई सगळी तोंडी. मी (वय बावन्न, गुडघे सत्तरचे) कुऱ्हाडवाली योद्धा. तिचा बाप, म्हणजे आमचा दादा, मांत्रिक. अर्धांगाच्या झटक्यापासून शब्द घशात अडकतात त्याचे, आणि त्यालाच मंत्र! "आत्या, तू तुझी कुऱ्हाड सांभाळ," भाची म्हणाली.

नियम असा: आपल्या पाळीत एक मोठी कृती, एक छोटी. दुसऱ्याच्या पाळीत मधे पडायची मुभा फेरीत एकदाच. एकदाच! आमच्या घराण्यात हे झेपणार कुणाला?

रविवार, ११

दादाची पाळी. "क… क…" आम्ही सगळे छताकडे बघतोय. वहिनीला राहवेना. "कवच!" तिनेच म्हणून टाकलं. माया हो, दुसरं काय! त्याच्या चहातली साखरसुद्धा हल्ली तीच सांगते.

भाची थंडपणे म्हणाली, "मंत्र ज्याचा त्यानेच म्हणायचा. वाया गेला."

"अगं, बाप आहे तो तुझा!" मी.

"इथे मांत्रिक आहे."

दादा उठला, खोलीत गेला, दार लावून घेतलं.

सोमवार

वहिनीचा फोन. रडत होती. "मी यांना मदतच केली ना?"

शनिवार

दादा खेळणार नाही म्हणतो. म्हणतो म्हणजे मान हलवतो. भाचीला म्हटलं, त्याला एखादा मुका मंत्र दे की.

"आत्या, पाळीला घड्याळ नाहीये. बाबा बोलेपर्यंत राक्षस थांबेल. तुम्हा लोकांचं मला सांगता येत नाही."

कार्टी कुणावर गेलीय! — माझ्यावर.

रविवार, १८

आला! पण कोपऱ्यात, नुसता बघायला. राक्षसाची पाळी. फासे पडले. "आत्या, संपलीस तू."

कोपऱ्यातून — "थां…"

कुणी हललं नाही. वहिनीने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरलेला. चहावर साय धरली.

"थां…ब. क…वच."

मधे पडायची मुभा वापरली पठ्ठ्याने! जिवंत आहे मी, कुऱ्हाडीसकट.

गुरुवार

दादाला घेऊन डॉक्टरांकडे. "काय म्हणतायत आमचे पेशंट?" विचारलं वहिनीला. सवयीने तिने तोंड उघडलं — आणि मिटलं. डॉक्टर घड्याळ बघायला लागले.

"थांबा जरा," वहिनी म्हणाली. "पाळी यांची आहे."