मोजणीला बसण्यापूर्वी

जाई,

सकाळी सातला चहा केला, गाडीच्या काचेवरचं दंव खरवडलं आणि साडेनऊला केंद्र उघडताच मत देऊन आलो. आज मतदान संपल्यावर तिथेच तू तुझ्या पक्षातर्फे मतमोजणीवर लक्ष ठेवायला बसणार, म्हणून आधीच कळवतो.

तुमचा उमेदवार मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण तो निवडून येणं अवघड आहे, आणि मतं फुटली तर आपल्याला ज्याची धास्ती आहे तोच येईल. तू काल म्हणालीस, "बाबा, सगळे असंच म्हणतात, दॅट्स व्हाय वी लूज." तेही पटतं. पडद्याआड मतपत्रिकेसमोर पेन्सिल धरून बराच वेळ उभा होतो. योग्य काय, अजूनही उमगलेलं नाही.

अखेर त्याला हरवू शकेल अशा दुसऱ्या मोठ्या पक्षापुढे मताची फुली मारली, कागद दुमडला आणि पेटीत टाकला.

बाबा