कामशेतच्या बॅनरवरची सावली

प्रिय सारिका,

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. आपल्या गावात, बेडशात, सगळ्यांना वाटतं, यशोधरा लोणावळ्यात बसून जाहिरातींच्या भन्नाट कल्पना काढते. तूही सासरी तसंच सांगतेस. खरं सांगू? कल्पना वर्षातून दोनदा सुचते. एरवी मी एकच फोटो चौकोनी करते, उभा करते, आडवा करते, बॅनरच्या मापाचा करते. दिवाळीला त्यावर पणती चिकटवते, नाताळला लाल टोपी. पोस्टखाली कुणी 'रेट काय?' विचारलं की तेच तीन ओळींचं उत्तर, दिवसातून साठ वेळा. आणि फोटो साफ करते. साफ म्हणजे विजेच्या तारा, शेण, वाळत घातलेली लुगडी काढायची. आणि माणसं. पाहुण्यांना निव्वळ निसर्ग हवा असतो.

तुझे आबा ज्या रिसॉर्टवर माळीकाम करायचे, त्याचं कामही माझ्याकडेच. गेल्या वर्षी जानेवारीत आमचा फोटोग्राफर संदेश तिथे आला, सोबत मी होते. आबा हिरवळीच्या कडेला पाइप धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "यशे, आमी बी येऊ का गं फोटूत?" मी म्हटलं, "या की आबा." ते ताठ उभे राहिले आणि हसले.

आमच्या ऑफिसातल्या सरांनी नेमका तोच फोटो निवडला. म्हणाले, माणूस काढ. मी काढला. चार मिनिटं लागली. आबांच्या जागी गवत भरलं, पण घाईत सावली तशीच राहिली. शेजारी झाड नाही, खांब नाही, आणि गवतावर लांबट काळी सावली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र प्रत्येक मापात, प्रत्येक सणाला आधी तीच दिसायची. पुसायला हात धजेना.

यंदा मे महिन्यात आबा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुम्ही आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. त्यात ते ओळखू येत नव्हते. तू माझा हात धरून विचारलंस, तुझ्याकडे एखादा चांगला असेल ना गं? मी मानेनंच नाही म्हटलं. होता, सारिका. पण तो दिला असता तर कामशेतच्या नाक्यावरच्या बॅनरवरून कुणाला पुसलंय, ते तुला कळलं असतं.

परवा सरांना सावली दिसली. कुणाची म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धोंडिबा आबांची. ते म्हणाले, कोण धोंडिबा? मी उठून बाहेर आले. सावली पुसायचं काम त्यांनी आता दुसऱ्या कुणाकडे दिलंय. संदेशकडून मूळ फोटो घेतला, मोठा करून आणला. सोबत पाठवतेय.

पण नुसता फोटो पाठवायचा असता तर पत्राची गरज नव्हती. बॅनर लागला तेव्हा आबा मुद्दाम एसटीने जाऊन बघून आले होते. परतताना आमच्या दारात थांबले. म्हणाले, "समदं बगितलं. आमीच कुटं दिसंना." मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, "आबा, तुम्ही कॅमेऱ्यात आलाच नव्हता." ते मलाच समजावल्यासारखं बोलले, "बरं झालं. कापडं मळकी हुती."

फोटो नीट बघ, सारिका. शर्ट पांढराशुभ्र आहे, इस्त्रीचा.

तुझीच, तू ठेवशील तर,
यशोधरा